पाकटांच्या पाण्यात उतरायचंय पण पायच उचलत नाही? मग हे वाचा

मालदीवचं तिकीट बुक झालं की घरात आठवडाभर नुसता कल्ला असतो, कोण काय घालणार, भडंग किती किलो न्यायचं, दाजींना विमानात खिडकी मिळणार का, आणि मग एका रात्री कोणीतरी यूट्यूबवर स्टिंगरे टाकून बघतं आणि फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ येऊन पडतो की हे एवढे मोठे चपटे मासे तिथं माणसांच्या पायातून फिरतात. झालं. निम्मी मंडळी लगेच जाहीर करतात, आम्ही आपलं काठावर बसून चपला सांभाळतो.

हे त्या चपला सांभाळणाऱ्यांसाठी लिहितोय. स्टिंगरे म्हणजे आपल्या कोकणातलं पाकट. त्याच्या पाण्यात उतरता येतं, मजा पण येते, पण आधी एक स्पष्ट सांगतो, भीती सगळीच्या सगळी घालवायच्या मागं लागू नका. थोडी लागते. फक्त ती कुठं ठेवायची ते कळलं पाहिजे.

सगळ्यात आधी तो आयर्विनचा विषय मिटवू, कारण कोण ना कोण तो काढतोच. (आपल्या सांगलीच्या पुलाचा आयर्विन वेगळा हो, तो लॉर्ड.) स्टीव्ह आयर्विन म्हणजे ऑस्ट्रेलियाचा टीव्हीवरचा मगरीवाला, ४ सप्टेंबर २००६ ला क्वीन्सलँडच्या बॅट रीफवर शूटिंग चालू असताना पाकटाचा काटा छातीत घुसून तो मेला. पाणी छातीएवढंच होतं, जनावर चांगलंच मोठं होतं आणि तो त्याच्या वरून पोहत होता. असं मरण फार म्हणजे फारच दुर्मिळ आहे. पण त्या घटनेतून घ्यायचं काय तर पाकटाच्या अंगावरून किंवा पाठीमागून जायचं नाही, त्याला वाटलं पाहिजे की निघून जायला रस्ता मोकळा आहे. पाकट कुणाच्या मागं लागून डंख मारत नाही. काटा शेपटीच्या टोकाला नसतो, मुळाकडच्या भागात वरच्या बाजूला असतो, दोन्ही कडांना करवतीसारखे मागं वळलेले दात आणि वर विषाचं पातळ कातडं. पाठीवर दाब पडला की शेपटी वर उसळून पुढं येते, बास, एवढंच त्याचं हत्यार. आणि दाब कशामुळं पडतो? आपल्या पायामुळं. म्हणून बहुतेक जखमा पावलाला नाहीतर घोट्याला होतात.

आता आपल्याकडच्या माणसाला एवढी भीती का वाटते हे पण बघा. आपण पोहायला शिकलो विहिरीत पाठीला डबा बांधून, नाहीतर कृष्णेत, आणि कृष्णेचं पाणी कसं असतं ते सांगायला नको, हात बुडवला की बोटं दिसत नाहीत. त्यात भिलवडी, औदुंबरकडच्या माणसाला तर पाण्यात पाय टाकायच्या आधी पलीकडच्या काठावर मगर पसरलीय का ते बघायची सवयच आहे, आणि ती सवय अगदी बरोबर आहे, कृष्णेत मगरी आहेतच. त्यामुळं पाण्याखाली काहीतरी सरकलं की आपलं डोकं एकच अर्थ लावतं. पुरात पुलावरनं उड्या टाकणारी पोरं पण पायाला काही गुळगुळीत लागलं की बोंबलत वर येतात, हे मी स्वतः बघितलंय.

म्हणून पहिलं काम इथंच, निघायच्या महिनाभर आधी. एक मास्क आणि स्नॉर्कल, म्हणजे तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायची नळी, विकत घ्या नाहीतर कुणाचं तरी उसनं आणा आणि गावातल्या स्विमिंग पूलमध्ये जा. पोहायचं नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड पाण्यात घालायचं आणि फक्त तोंडानं श्वास घ्यायचा. पहिल्यांदा जीव घाबरा होतो कारण नाक बंद झालेलं असतं, माणूस भराभर छोटे छोटे श्वास घ्यायला लागतो आणि त्यानं जास्तच गुदमरतं. तिथं श्वास सोडण्यावर लक्ष द्या, हळू आणि लांब सोडायचा, घ्यायचा आपोआप घेतला जातो. पाच मिनिटं सलग असं खाली बघत उभं राहता आलं की निम्मं काम झालं, कारण समुद्रात भीती वाढते ती बहुतेक श्वास चुकल्यामुळं, पाकट बिचारं निमित्त. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो तो घ्या, धूसर दिसणाऱ्या पाण्यात कुणाचीच भीती जात नाही. मास्कवर धुकं धरतं म्हणून उतरायच्या आधी आत थुंकून बोटानं फिरवून धुवायचं, घाण वाटेल पण जगभर हेच करतात.

आणि त्याच पूलमध्ये दुसरी गोष्ट, पाय घासत चालायची प्रॅक्टिस. पाऊल उचलायचंच नाही, तळवा फरशीला टेकवून पुढं सरकवायचं, एक मग दुसरा. लोक हसतील. हसू देत. समुद्रात हीच एक सवय तुम्हाला सगळ्यात जास्त वाचवणार आहे, कारण पाकट वाळूत अंग पुरून बसतं, वर फक्त डोळे आणि श्वासाची भोकं, आणि सरकत्या पायानं वाळू हलली किंवा त्याच्या कडेला हलकं टोचलं की ते स्वतःहून उठून जातं. पाऊल उचलून टाकलं तर ते थेट पाठीवर पडू शकतं. जाड सोलचे बूट घातले म्हणून निर्धास्त होऊ नका, काटा रबरातून आरपार जातो, बूट प्रवाळाच्या खरचटण्यासाठी ठीक आहेत.

जागा कुठली निवडायची याच्यावर बरंच अवलंबून आहे. आपल्याकडनं मालदीव सोपं, मुंबईहून मालेला थेट विमान साधारण अडीच-तीन तासाचं, व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो. रिसॉर्ट परवडत नसेल तर लोकल बेटं आहेत, म्हणजे तिथली माणसं राहतात ती, वावू अटोलमधलं (अटोल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) फुलिधू त्यातलं पाकटांसाठी प्रसिद्ध, तिथं अगदी काठाला गुडघाभर पाण्यात येतात, कारण त्यांना तिथं माशाचं उरलंसुरलं मिळायची सवय लागलीय. नवख्या माणसाला अशी जागा उत्तम कारण पाणी काचेसारखं आणि खाली पांढरी वाळू, येणारं जनावर दहा-पंधरा फुटांवरनं दिसतं. ज्यांना लांब जायचंय त्यांच्यासाठी कॅरिबियनमधल्या केमन बेटांवरची स्टिंगरे सिटी आहे, नॉर्थ साउंडमध्ये कोळी लोक शांत पाण्यात मासे साफ करून घाण टाकायचे, त्या वासानं पाकटं जमायला लागली आणि १९८० च्या दशकापासून पर्यटक पण. पश्चिम ऑस्ट्रेलियात हॅमेलिन बे आहे, तिथं पण काठालाच येतात. पहिल्याच वेळी बोटीनं खोल पाण्यात मात्र जाऊ नका. पायाला जमीन लागत असली की मन निम्मं शांत असतं.

बोटवाला किंवा गाईड निवडताना त्याचे फोटो बघा. फोटोत कोणी पाकट पाण्याबाहेर उचलून धरलंय, डोक्यावर ठेवलंय, त्याचा मुका घेतंय असलं काही दिसलं तर सरळ दुसरा बघायचा. जो माणूस गिऱ्हाईकाच्या फोटोसाठी जनावर पाण्याबाहेर काढतो तो तुमची पण काळजी घेणार नाही, हे माझं ठाम मत. मालदीवमध्ये तर पाकटांना कायद्यानं संरक्षण आहे. एका वेळी किती लोक उतरवतो, उतरायच्या आधी पाच मिनिटं समजावून सांगतो का, आणि डंख झाला तर गरम पाण्याची सोय आहे का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नावर जो हसतो त्याच्याकडं जायचं नाही.

आता प्रत्यक्ष पाण्यात. पोचल्या पोचल्या उडी मारू नका. पहिले पंधरा-वीस मिनिटं काठावरच उभं राहून किंवा घोट्याएवढ्या पाण्यात थांबून नुसतं बघायचं. कुठल्या बाजूनं येतात, किती वेळ थांबतात, माणूस हलला की काय करतात. आमच्या वहिनी, मिरजेच्या, शाळेत शिक्षिका, त्या ठरवूनच आल्या होत्या की पाण्यात जायचं नाही, फक्त पोरांचे फोटो काढायचे. एक पाकट सरपटत आलं, करडं गुलाबीसर, कडा एकामागून एक अशा लहरत होत्या, आणि वहिनींच्या पायापासून हातभर अंतरावर वाळूत बसलं. अंग हलवून वाळू पाठीवर ओढून घेतली आणि गप्प. वहिनी हलल्या नाहीत, खरं तर हलायची ताकदच नव्हती. मग खाली बघून म्हणाल्या, "भावजी, हे डोळे मिचकावतंय हो माझ्याकडं बघून." मी बघितलं तर डोळे जागच्या जागी उंचवट्यावर होते, मिचकत होतं ते डोळ्याच्या मागचं भोक, उघड मीट, उघड मीट. त्यातून ते पाणी आत ओढतं, कारण तोंड आणि कल्ले पोटाखाली असतात, वाळूत बसल्यावर तिकडनं पाणी घेतलं तर वाळू जाणार. हे सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, म्हणजे श्वास घेतंय. आणि मग त्या पण श्वास घ्यायला लागल्या. त्याच्या श्वासाबरोबर मोजत बसल्या बराच वेळ, आणि पोरांचे फोटो राहिले ते राहिलेच.

ही युक्ती कुणालाही लागू पडते. घाबरलं की शेपटीकडं टक लावून बघत बसू नका, त्या श्वासाच्या भोकाकडं बघा. बसलेलं पाकट, शांत चाललेला श्वास, म्हणजे तुमच्यापासून त्याला काही धोका वाटत नाहीये. याउलट शेपटी वर उचलून कमान केली, किंवा अंग ताठ करून एकदम झटका दिला, की त्याला जागा हवीय असं समजून तुम्ही बाजूला सरका. बाजूला. मागं नाही.

आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे जो व्हिडिओत कोण सांगत नाही. जिथं पाकटांना माणसांची सवय आहे तिथं ती तुमच्याकडं येतात, पायाला घासतात, कधी कधी मांडीपर्यंत अंगावर चढल्यासारखी करतात, कारण त्यांना वाटतं खायला आणलंय. त्या क्षणी प्रत्येक माणूस एकच गोष्ट करतो, किंचाळून एक पाऊल मागं टाकतो. आणि मागं दुसरं पाकट असतं. पुढचं आलं त्याच्याकडून काही होत नाही, मागचं न दिसलेलं पायाखाली येतं आणि मग डंख. त्यामुळं घोकून ठेवा, अंगाला लागलं की खांब व्हायचं. दोन्ही हात छातीशी, पाय जागेवर, लांब श्वास सोडायचा, ते पुढं निघून जातं. जायचंच असेल तर तळवा न उचलता तिरकं सरकायचं. घरातल्या घाबरट माणसाच्या शेजारी एक धीराचा माणूस उभा करा आणि आधीच ठरवा की घाबरल्यावर ओरडायचं नाही, हाताचा पंजा दाबायचा. आमच्याकडं दाजींचा पंजा दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता पण पाण्यात कोण पळालं नाही.

हात लावायचा का? मला विचाराल तर नको. ते येऊन तुम्हाला लागलं तर लागू दे, खालच्या बाजूनं सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं लागतं. त्याच्या अंगावर चिकट पातळ थर असतो तो त्याला रोगराईपासून जपतो, आपण चोळत बसलो की तो निघतो. गाईड परवानगी देत असेल आणि राहवतच नसेल तर ओला उघडा तळवा पंखाच्या कडेला हलका टेकवायचा, पकडायचं नाही, दाबायचं नाही, डोळे, कल्ले आणि शेपटीच्या जवळपास तर अजिबात नाही. सनस्क्रीन चोपडलेले हात घेऊन जाऊ नका.

खायला घालणं हा वेगळा विषय. गाईड हातात मासा देतात, फोटो भारी येतात हे मान्य. पण केमनमध्ये संशोधकांनी पाकटांना टॅग लावून बघितलं तर एरवी रात्री हिंडणारी ही जनावरं पर्यटकांच्या वेळेप्रमाणं दिवसा हिंडायला लागलेली दिसली, आणि एरवी बरीचशी एकटी राहणारी ती एका जागी गर्दी करून राहायला लागलेली. म्हणजे आपल्या सुट्टीमुळं त्यांची अख्खी दिनचर्या फिरली. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीतल्या जिवंत नागांबद्दल आपल्याकडं एवढी भांडणं, कोर्टकचेऱ्या झाल्या, ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे पटायला वेळ लागू नये. आणि स्वतःच्या बोटांचा पण विचार करा, तोंड पोटाखाली असल्यामुळं खाताना त्याला घास दिसत नाही, वासावर आणि शिकारीच्या अंगातली बारीक वीज ओळखून ते खातं, दातांच्या जागी शिंपले फोडणाऱ्या पट्ट्या असतात. हाताला माशाचा वास असेल तर बोट ओढून घेतं, चांगलंच चेमटतं. जेवणात मासे खाल्ले असतील तर साबणानं हात धुऊन मगच उतरा. त्याच वासानं नर्स शार्क पण येतात, दिसायला दांडगे पण स्वभावानं सुस्त, पण त्यांना हात लावायला किंवा शेपटी धरायला गेलं तर चावतात.

कपड्याचं थोडक्यात सांगतो. ओढणी, सैल गाऊन, लोंबणारा टॉवेल असलं काही पाण्यात नको, पायात अडकतं आणि खालचं दिसत नाही. बायकांसाठी लेगिंग आणि लांब बाह्यांचा पोहायचा टॉप एकदम सोयीचा, उन्हापासून पण बचाव. पायात फिन्स घालून उथळ पाण्यात उभं राहू नका, वाळू उडते आणि सगळं गढूळ होतं. सेल्फी स्टिक पाकटाच्या वर धरू नका, वरून येणारी सावली त्याला शिकाऱ्यासारखी वाटते. लहान पोरांना पाण्यात बसवायचं नाही, हात धरून उभं करायचं आणि पळू द्यायचं नाही, जे पोरगं पळायचं थांबत नाही त्याला त्या दिवशी काठावरच वाळूचा किल्ला.

एवढं करून पण डंख झालाच तर काय करायचं हे उतरायच्या आधी प्रत्येकाला माहीत पाहिजे, कारण हे कळलं की भीतीचा मोठा भाग तिथंच गळतो. दुखणं जबरदस्त असतं, खोटं सांगत नाही. पण त्याच्या विषातली प्रथिनं उष्णतेनं निकामी होतात. माणसाला लगेच पाण्याबाहेर काढा, बसवा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा, मग पाय गरम पाण्यात बुडवा, साधारण ४५ अंश, म्हणजे सोसवेल एवढं कडक. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या माणसानं हात घालून बघायचं, ज्याला डंख झालाय त्याला त्या पायाला भाजतंय का तेच कळत नसतं. थंड झालं की बदलायचं, अर्धा ते दीड तास. म्हणून आपला चहाचा मोठा थर्मास बोटीवर न्यायचा तो गरम पाणी भरून, चहा गेस्ट हाऊसवर प्या. बर्फ लावायचा नाही, हळद भरायची नाही, चिरा देऊन रक्त काढायचं नाही, आणि आपल्याकडं साप चावल्यावर करतात तसं वर रुमाल करकचून बांधायचा तर मुळीच नाही. काट्याचा छोटा तुकडा वर दिसत असेल तर डॉक्टरला काढू द्या, आणि काटा छातीत, पोटात, मानेत घुसला असेल तर कुणीही त्याला हात लावायचा नाही, आहे तसा ठेवून सरळ हॉस्पिटल. आत तुकडा राहिलाय का ते एक्स-रेत बघावं लागतं, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं, जखम पिकू शकते म्हणून दुखायचं थांबलं तरी दाखवायचंच. श्वास लागणं, तोंड सुजणं, चक्कर, असं काही झालं तर गरम पाण्याची वाट बघत बसू नका.

ज्यांचं यंदा मालदीव नाही, गगनबावड्यानं उतरून मालवण-तारकर्ली आहे, त्यांनी हे सगळं तसंच पाळायचं पण अपेक्षा कमी ठेवायची. तिथली पाकटं माणसाळलेली नाहीत, आणि खाडीच्या तोंडाशी, देवबागकडं, पाणी गढूळ असतं, त्यामुळं तिथं मुद्दाम शोधायला जायचं नाही, फक्त पाय घासत चालायचं. सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढताना बघायला सगळी गर्दी करतात, त्यात पाकट आलेलं असतं. मेलेलं आहे म्हणून पोरं शेपटी धरायला जातात. मेल्यावर पण काटा तेवढाच धारदार आणि विष पण असतंच, तेव्हा पोरांना दोन हात लांब ठेवा आणि मच्छीमार काय सांगतो ते ऐका.

आणि शेवटची दहा पावलं. अर्धा-पाऊण तास पाण्यात काढला की माणूस एकदम मोकळा होतो, भीती गेली म्हणून खूश असतो आणि काठाकडं परतताना थाप थाप पावलं टाकत पळत सुटतो. पाकटं तर घोट्याएवढ्या पाण्यात पण येऊन बसतात. पाय कोरड्या वाळूला लागेपर्यंत घासतच यायचं, आणि संध्याकाळी जेवण झाल्यावर पुन्हा पाण्यात पाय सोडायला जाणार असाल तर टॉर्च घेतल्याशिवाय जाऊ नका, अंधारात ती काठाच्या अजून जवळ असतात.